ओसरीवरचं परराष्ट्र धोरण

आमच्या घरी जेवायला बसलं की आधी मत द्यावं लागे, मग ताटात भाकरी पडे. हे मी गमतीनं लिहीत नाही. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, पांढरकवड्याच्या कोर्टात वकील होते, आणि ज्याला स्वतःचं मत नाही तो स्वतंत्र देशाचा नागरिक नव्हे, अशी त्यांची पक्की धारणा होती. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीनं येई. कोर्टातून आल्यावर नाना ओसरीवर बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत आणि जेवताना त्यातली एक बातमी काढून आम्हा बहिणींपुढे ठेवत. 'माहीत नाही' हे उत्तर चालत नसे. 'दोन्ही बाजू बरोबर आहेत' हे तर मुळीच नाही. सुएझचा कालवा कोणाच्या मालकीचा असावा याबद्दल वयाच्या दहाव्या वर्षी माझं ठाम मत होतं, आणि कालवा म्हणजे आमच्या घरामागच्या नाल्याहून थोडा रुंद असतो ही समजूतही तितकीच ठाम होती. एकदा दिलेलं मत बदलायचं तर कारण सांगावं लागे. नानांना पटेल असं कारण आम्हाला कधी सापडत नसे, म्हणून दिलेल्या मताला चिकटून राहायला आम्ही लहानपणीच शिकलो. माझी बहीण कुसुमताई, माझ्याहून अडीच-तीन वर्षांनी मोठी, एका वाक्यात मत देऊन मोकळी व्हायची. मी मात्र हातातला घास तसाच ठेवून भाषण ठोकायची. माई, म्हणजे आमची आई, वाढायला असायची. ती आमच्या मागून जेवायची, त्यामुळे तिची पाळी कधी आलीच नाही. यात काही चुकतंय असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही, तिलाही नाही.

घर हमरस्त्याला लागून होतं. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक आमच्या भिंतीपलीकडून जात. लाकडानं नाहीतर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक गिअर बदलू लागला की फडताळातल्या कपबशा किणकिणत. नाना बोलता बोलता थांबत, ट्रक जाऊ देत आणि सोडलेलं वाक्य नेमकं तिथूनच उचलत. नव्या पाहुण्याला हे विचित्र वाटे, आम्हाला त्याची इतकी सवय होती की पुढे नोकरीनिमित्त शांत वस्तीत राहायला गेले तेव्हा लोक न थांबता इतकं कसं बोलतात, याचंच मला नवल वाटलं. मागच्या बाजूला माईचं स्वयंपाकघर. चुलीवर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि नाना खटला जिंकून आले की गोळ्याची कढी. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा यायच्या. त्या सोलायला आम्ही दोघी बसायचो आणि अर्धे दाणे तोंडातच जायचे. माई ओरडायची, "भाजीले ठेवसान का नाही व पोट्टेहो?" पण तिच्या ओरडण्यात दम नसायचा. तिचा आवाज चढलेला मी फार कमी वेळा ऐकला. आज वाटतं, जरा चढायला हवा होता.

संध्याकाळी ओसरीवर गुलाबकाका येत. ते आमचे नात्यानं कोणी नव्हेत. बाजारात त्यांची कापसाची आडत होती. शेतकऱ्यांचा कापूस घ्यायचा आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना विकायचा, हा त्यांचा धंदा. शिक्षण चौथीपर्यंत, पण वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान ते नानांच्या हातातून ओढून घेत. माई त्यांच्यापुढे चिवड्याची बशी आणि चिरलेला कांदा ठेवी, आणि मग रोजचं भांडण सुरू होई. भांडणाचा पहिला विषय ठरलेला असे, तो म्हणजे नानांचे शेअर. विदर्भातल्याच एका कापडगिरणीचे शेअर नानांनी वकिलीच्या पहिल्या कमाईतून घेतले होते आणि नंतरही जमेल तसे घेत राहिले होते. विकण्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा देवळात कोणी चपला घालून शिरल्यासारखा होई.

"शेअर म्हणजे जुगाराचा पत्ता नव्हे, गुलाबराव. शेअर म्हणजे मालकी. तुम्ही शेत घेतलंत तर रोज सकाळी उठून त्याचा भाव विचारता का?"

"वावर दिसते न साहेब. सकाळी जाऊन उभं राहाता येते त्याच्यात. तुमची गिरणी तुमी पाह्यली काय कधी?"

"पाहायची गरजच काय? कापूस आपला, सूत आपलं, गिरणी आपली. देश आत्ता कुठे उभा राहतोय. वीस वर्षं हात लावायचा नाही, मग बघा."

"वीस वर्सं! माह्या गोदामात कापूस दोन पावसाळे राह्यला तं पिवळा पडते. मंग त्याले कोनी हात लावत नाही."

"कापूस हा माल आहे, गुलाबराव. शेअर हा विश्वास आहे."

यावर गुलाबकाका मोठ्यानं हसत आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणत, "वहिनी, ऐकून राह्यल्या काय? विस्वासाची भाजी करा एक दिवस." दाराआड माईही हसायची. नाना चिडत नसत. वादात हरलेल्याला पुन्हा चहा द्यायचा, अशी त्यांची रीत होती, आणि गुलाबकाका हरलेत असं रोज नानाच ठरवत असल्यामुळे गुलाबकाकांना चहा मिळत राही.

नानांचं हे तत्त्व चुकीचं नव्हतं, हे मला म्हातारपणी कबूल करावं लागतं. नोकरीत चार पैसे उरायला लागल्यावर मीही शेअर घेतले, घेऊन विसरले, आणि त्या विसरण्याचा मला फायदाच झाला. माझा नातू आता मोबाईलवर ते वर-खाली होणारे लाल-हिरवे आकडे दाखवतो आणि दर दोन दिवसांनी विचारतो, "आजी, विकू का?" मी नाही म्हणते, आणि म्हणताना माझ्या तोंडून नानांचा आवाज निघतो. पण नानांनी सगळा विश्वास एकाच गिरणीवर टाकला, का, तर ती आपल्या भागातली. आणि लांबची मुदत म्हणजे नेमकी कोणाच्या आयुष्यातली वर्षं, हे मोजायचं त्यांना सुचलं नाही. ती वर्षं त्यांची स्वतःची असती तर माझी काही तक्रार नव्हती.

राजकारण हा दुसरा विषय. माझ्या शाळेच्या वर्षांत आमचं राज्य दोनदा बदललं, आम्ही मात्र जागचे हललो नाही. आधी राजधानी नागपूर होती, मग ती मुंबई झाली. दोन्ही वेळा नानांनी वाचनालयात भाषण केलं आणि दोन्ही वेळा जे झालं ते देशाच्या भल्याचं कसं आहे हे पटवून दिलं. गुलाबकाकांना वेगळा विदर्भ हवा होता. "मुंबईवाल्यायले आपला कापूस दिसते, आपन नाही दिसत," असं ते म्हणत. नाना म्हणत, "मोठ्या घरात थोडं सोसावं लागतं." सोसायचं कोणी, हे ते सांगत नसत.

पण नानांचा खरा जीव होता परराष्ट्र धोरणात. पंचशील हा शब्द ते असा उच्चारत की आपोआप पाठ ताठ व्हावी. दर हिवाळ्यात वाचनालयात त्यांचं व्याख्यान असे. आशिया खंडातली दोन जुनी राष्ट्रं, हजारो वर्षांचा शेजार, हिमालयाच्या दोन्ही अंगांना शेतं नांगरणारी साधी माणसं, हे सगळं ते इतकं सुंदर बोलत की बिडी ओढायला बाहेर गेलेले लोकही परत येऊन बसत. चीनच्या सीमेवर कुरबुरी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हासुद्धा ते म्हणाले, "जिथे गवताचं पातं उगवत नाही अशा जागेसाठी दोन मोठी राष्ट्रं भांडत नसतात." गंमत अशी की नानांची सगळी वकिली धुऱ्याच्या खटल्यांवर चाले. दोन वावरांमधला बांध, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. शेजाऱ्यानं नांगर एक हात इकडे सरकवला म्हणून भावाभावांत काठ्या चालत आणि दोन्ही भाऊ डोकं बांधून आमच्या ओसरीवर येऊन बसत. गुलाबकाकांनी हे एकदा बरोब्बर धरलं.

"वकीलसाहेब, दिवसभर तुमी एक हात धुऱ्यासाठी कोर्टात गळा फाडता, न संध्याकाळी म्हनता का धुऱ्याकडे कायले पाहाचं?"

"ती अडाणी माणसं आहेत, गुलाबराव. राष्ट्रं सुशिक्षित असतात."

"बरं बावा," असं म्हणून गुलाबकाकांनी चिवड्याची बशी जवळ ओढली. तो वाद नाना जिंकले असं मला वाटलं होतं. मी टाळ्याही वाजवल्या होत्या.

या सगळ्या मतामतांच्या गलबल्यात कुसुमताई आपलं एक मत कोणाला न सांगता वाढवत होती. सरकारी दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या कुटुंबातल्या, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. ताई शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसायची, पट्ट्या गुंडाळून दे, सुया उकळून ठेव, असं करायची. एकदा एक बाई बाळंतपणात अडली, यवतमाळला न्यायला गाडी मिळेपर्यंत उशीर झाला आणि ती वाटेतच गेली. नर्सबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून ताईला म्हणाल्या, "कुसुम, माह्या हातानं होते तेवढं मी करते. पुढं डॉक्टरीनच लागते. बाप्या डॉक्टरकडे ह्या बाया मेल्या तरी येत नाहीत. तू हो न डॉक्टरीन." ताईनं ते मनावर घेतलं. मॅट्रिकला ती तालुक्यात पहिली आली, यवतमाळला मावशीकडे राहून कॉलेजात सायन्सला गेली, आणि तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं की असेच मार्क पडले तर पुढच्या उन्हाळ्यात नागपूरच्या मेडिकलला प्रवेश ठरलेला. नानांनी ती बातमी ओसरीवर सगळ्यांना ऐकवली. स्त्रीशिक्षणावर त्यांचं मत फार चांगलं होतं.

माईनं त्या पावसाळ्यात नानांपुढे एकदाच विषय काढला. मी पलीकडे गोधडी शिवत होते. "अहो, ते गिरणीचे कागद विकले तं कुसुमचं नागपूर होऊन जाईन."

"ते कागद नाहीत," नाना म्हणाले. रागावून नव्हे, समजावून. "अगं, आत्ता विकणं म्हणजे कोंबात असताना पीक कापणं. पाच वर्षं थांबलीस तर त्यातूनच कुसुमचं शिक्षण आणि धाकटीचं लग्न, दोन्ही निघेल."

"पाच वर्सानं कॉलेजवाले थांबतीन काय तिच्यासाठी?"

"काहीतरी सोय होईल. जरा लांबची नजर ठेवावी माणसानं."

माई उठून आत गेली. तिनं पुन्हा विषय काढला नाही, कारण तिनं सोय ठरवून टाकली होती. दिवाळीला ताई घरी आली तेव्हा चकल्या तळता तळता माईनं आम्हा दोघींना ती सांगितली. तिच्या हातातल्या पाटल्या आणि गळ्यातला गोफ तिच्या माहेरचा होता. उन्हाळ्यात ती माहेरी जाणार, भावाला सोबत घेऊन ते मोडणार आणि ताईचं नाव नागपूरला घालणार. "तुमच्या बापाले मंग सांगू," ती म्हणाली. "आधी सांगतलं तं त्याच्यावरबी भाषन होईन." आम्ही तिघी खूप हसलो. ताईनं कढईतली चकली तशीच उचलून तोंडात टाकली आणि जीभ भाजली. मी ताईला इतकं आनंदात त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही.

चीननं हल्ला केल्याची बातमी त्याच दिवसांत आली. वाचनालयाच्या रेडिओभोवती माणसं उभी राहू लागली. ज्यांना नकाशात हिमालय दाखवता आला नसता ते लोक तिथल्या चौक्यांची नावं घेऊ लागले. नाना रेडिओपाशी गेले की बोलणं थांबे, ते निघाले की पाठीमागे हसणं ऐकू येई. कोणीतरी आमच्या ओसरीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, 'पंचशील वकील'. माईनं ते पहाटे उठून पुसलं, पण नानांनी आदल्या संध्याकाळीच पाहिलं होतं. त्यांनी जेवताना मतं विचारणं बंद केलं. आम्ही तिघं मुकाट्यानं जेवत होतो, आणि मला ते घर आमचं वाटेना. गुलाबकाका मात्र रोज येत. 'मी सांगत होतो' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नानांना तेच जास्त लागलं असावं.

मग ताईची सुट्टी संपायच्या आतच बाजाराच्या मैदानात संरक्षण निधीची सभा झाली. तालुक्यातली सगळी माणसं लोटली होती. बायका एका बाजूला सतरंजीवर, त्यात माई, ताई आणि मी. व्यासपीठावर तहसीलदार, हेडमास्तर आणि नाना. लोक येऊन देत होते. कोणी अंगठी, कोणी चांदीचा करदोटा. एका ट्रक ड्रायव्हरनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. वातावरणच असं होतं की अंगावर काटा यावा. नाना बोलायला उठले, तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "वकीलसाहेब, आज कोनता धुरा सोडून देऊन राह्यले?" हशा पिकला. तहसीलदारांनी हात वर केला तरी तो थांबेना. नाना तोंड उघडून तसेच उभे राहिले. मला रडू यायला लागलं.

शेवटी हसणं विरलं आणि नाना म्हणाले, "माझं मत चुकलं." एवढंच. कारण नाही, पुरावा नाही. "शब्दांची भरपाई शब्दांनी होत नाही," ते पुढे म्हणाले, "म्हणून माझ्या घरातलं सोनं मी देशाला देतो." आणि त्यांनी बायकांच्या बाजूला पाहून हात केला, "या इकडे." त्यांनी हे आधी ठरवलेलं नव्हतं, याची मला खात्री आहे. ते त्या उभ्या जागी त्यांना सुचलं, आणि सुचलेलं बोलून टाकायची त्यांना सवय होती. माई उठली. पदर सारखा केला, पायऱ्या चढून वर गेली. टेबलापाशी पोचल्यावर तिनं वळून एकदा आमच्याकडे पाहिलं. मी तेव्हा नानांकडे बघत होते. त्यांची मान वर आली होती, आणि मला त्याचाच आनंद झाला होता. मग माईनं गोफ काढला. पाटल्या निघेनात, लग्नात चढवलेल्या त्या. चपराशानं तांब्यात पाणी आणलं, हेडमास्तरांच्या बायकोनं साबणाची वडी आणवली, आणि सगळ्या तालुक्यासमोर माझ्या आईचे हात साबणानं चोळून मोकळे केले. टाळ्या थांबता थांबेनात. ज्यानं ओरडून विचारलं होतं तोही टाळ्या वाजवत असणार.

घरी आल्यावर नानांनी किती दिवसांनी स्वतःहून चहा मागितला. ओसरीवर बसून ते म्हणाले, "छातीवरचा दगड उतरला बघ." माईनं कप ठेवला आणि तिथंच उभी राहिली. तिच्या मनगटांवर लाल वळ उठले होते.

"ते कुसुमचं नागपूर होतं," ती म्हणाली.

नानांना कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं, माहेर, भाऊ, उन्हाळा. ऐकता ऐकता त्यांनी कप खाली ठेवला. "मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी विचारलं कवा?"

बाहेरून ट्रक गेला. तो गेल्यावर नानांनी वाक्य उचललं नाही. ताई आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "जाऊ द्या नाना, अजून उन्हाळा दूर आहे." तिनं असं बोलायला नको होतं असं मला आजही वाटतं. ती रडली असती, भांडली असती तर कदाचित नाना दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरला गेले असते.

कारण शेअर अजून होते. नाना त्याच आठवड्यात म्हणाले, "विकतो." आम्ही सुटलो असं मला वाटलं. पण लढाईमुळे भाव पडले होते. ज्या माणसानं आयुष्यभर भाव पाहणाऱ्यांना नावं ठेवली, तो आता वर्तमानपत्र आलं की आधी बाजारभावाचं पान उघडू लागला. लढाई थांबली. भाव थोडे चढले. नाना म्हणाले, आणखी चढतील, मग विकू. कुसुमचं पूर्ण शिक्षण त्यातून निघायला पाहिजे. मग भाव पुन्हा उतरले, तेव्हा म्हणाले, आता या भावात कसं विकायचं? गुलाबकाका ओसरीवर अक्षरशः हात जोडून म्हणाले, "साहेब, आजच्या आज विका. जो येईन तो भाव. पोरीचं वर्स हाय, कापसाचं नाही." नाना नाही म्हणून मान हलवत राहिले. तेव्हा गुलाबकाका म्हणाले, "मंग मी भरतो पैसे. कुसुम माहीबी पोरगीच हाय."

"नको," नाना म्हणाले. "चीनच्या वादात तुमच्यापुढे हरलो, गुलाबराव. आता लेकीचं शिक्षणही तुमच्याकडून घेऊ?"

गुलाबकाकांचा चेहरा उतरला. दोन माणसांची इतक्या वर्षांची बैठक, आणि त्यातला एक तिला हारजीत समजत होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते त्यानंतरही येत राहिले, पण पाहुण्यासारखे. चिवडा खात, हवापाण्याचं बोलत आणि उठत. होळीच्या सुमारास गिरणीला टाळं लागल्याची बातमी छापून आली. नानांनी ती आम्हाला वाचून दाखवली नाही. माईनं ती त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून ओळखली.

ताईला मार्क पडले. प्राध्यापक म्हणाले होते तितके, किंबहुना थोडे जास्तच. नर्सबाई पेढे घेऊन आल्या आणि ताईनं त्यांना दारातच सांगितलं की ती जाणार नाही. नर्सबाईंनी नानांकडे एकदा पाहिलं, पेढ्यांचा पुडा माईच्या हातात दिला आणि गेल्या. ताईनं यवतमाळलाच पुढची पदवी घेतली, शिक्षिका झाली, नेरला लग्न करून गेली आणि तिथल्या हायस्कुलात जन्मभर मुलींना शरीरशास्त्र शिकवलं. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींतल्या काही डॉक्टर झाल्या. लोक त्याबद्दल तिचं कौतुक करतात तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठते. नाना पुढे बरीच वर्षं जगले. त्यांना मी खूप काही बोलले, कधी तोंडावर, बहुतेक मनात. देशासाठी दिलेल्या सोन्याबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. त्या मैदानातल्या कितीतरी बायकांनी दिलं, आणि त्यांच्याही घरात कुठलंतरी नागपूर असेल. माझी तक्रार होती ती न विचारता दिल्याबद्दल, आणि हातात असलेलं वेळेवर न सोडल्याबद्दल. त्यांनी हे दोन्ही एकाच वर्षात करावं याचं दुःख माझ्या मनातून जात नाही.

नाना गेल्यावर माई ताईकडे नेरला राहायची. एका सुट्टीत मी तिथं गेले होते. ताई शाळेत गेली होती, माई पडवीत तुरीची डाळ निवडत होती, आणि कशावरून तरी मी पुन्हा नानांवर घसरले. त्यांनी तुला भर सभेत बोलावलं, तुला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही, असं काहीतरी. माईनं डाळीतला एक खडा काढून टाकला.

"त्यायले कायले बोलते?" ती म्हणाली. "त्यायनं नुसतं बोलावलं. देल्लं तं मी."

"तू काय करणार होतीस? सगळं गाव बघत होतं."

"खाली उतरून आली असती. मी ठरवलंच होतं. टेबलापाशी जाऊन मी कुसुमकडे पाह्यलं. म्हनलं, पोरीचा चेहरा पडलेला दिसला तं तशीच मागं फिरीन, मंग गाव काई म्हनो." तिनं सूप खाली ठेवलं. "तिनं मान हलवली. दे म्हने."

त्या सभेत मी ताईच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. मला ते कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाला दोष देत आले होते त्याच्याशिवाय आणखी दोघींनी त्या दिवशी काही ठरवलं होतं, एका शब्दाशिवाय, आणि माझ्या इतक्या जवळ. मी म्हटलं, "म्हणजे ताईनंच सांगितलं तुला. तुझा काय दोष?"

"अवं, अठरा वर्साची होती ते," माई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बापाले सारं गाव हासून राह्यलं होतं. मान नाही हलवीन तं काय करीन ते? लेकरू होतं. माय मी होती."